जुने गलबत, दूरची सफर



कोकणातल्या आपल्या किती तरी घरांत आजही एक तरी माणूस समुद्रावर असतो. कुणाचा मुलगा मर्चंट नेव्हीत, कुणाचे चाचा आखाताच्या बंदरात, कुणाचे आजोबा गलबतावर तांडेल. कुरआनात समुद्रावर चालणाऱ्या जहाजांना अल्लाहच्या निशाण्यांमध्ये गणले आहे आणि माणसाने त्यांच्याकडे बघून विचार करावा, शुक्र अदा करावा, असे पुन्हा पुन्हा सुचवले आहे. या सदरात आम्ही आतापर्यंत पुष्कळ सफरी केल्या. या महिन्यात एका अशा खलाशाची हकिकत सांगणार आहोत, ज्याने दुसऱ्याने टाकून दिलेले एक जुने गलबत स्वतःच्या हाताने दुरुस्त केले आणि त्यावर एकट्याने साऱ्या जगाला वळसा घातला. तो आपल्या दीनचा नव्हता, आपल्या मुलखाचाही नव्हता. पण शहाणपण जिथे सापडेल तिथून उचलावे, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण आहे.

काम गेलेला कप्तान

जोशुआ स्लोकम याचा जन्म १८४४ साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया या समुद्रकाठच्या प्रांतात झाला. लहानपणीच घर सोडून तो जहाजावर गेला. स्वयंपाक्याच्या हाताखालच्या पोरापासून सुरुवात करून तो कप्तान झाला, अमेरिकेचा नागरिक झाला. चीन, फिलिपाईन्स, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, सगळे समुद्र त्याने शिडाच्या जहाजांवरून पालथे घातले.

पण काळ बदलत होता. शिडांची जागा वाफेच्या इंजिनांनी घेतली आणि शिडाच्या जहाजांच्या कप्तानांना कोणी विचारेना. त्याची पहिली पत्नी व्हर्जिनिया १८८४ साली वारली. १८८७ मध्ये त्याचे स्वतःचे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर वाळूत रुतून फुटले आणि त्याबरोबर आयुष्यभराची कमाई गेली. त्याही वेळी तो रडत बसला नाही. तिथेच मिळेल त्या लाकडाची एक मोठी होडी बांधून दुसरी पत्नी आणि दोन मुलांसह तो अमेरिकेला परतला. पण परतल्यावर काम नव्हते. वय पन्नाशीकडे झुकलेले, हातात इतक्या वर्षांचा हुन्नर आणि त्या हुन्नराला गिऱ्हाईक नाही. ज्यांच्या घरात यंत्रमाग बंद पडले, बिड्यांचा कारखाना बंद झाला किंवा आखातातून अचानक परतावे लागले, त्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

१८९२ च्या हिवाळ्यात एका जुन्या ओळखीच्या कप्तानाने त्याला म्हटले, फेअरहेवनला ये, मी तुला एक जहाज देतो, मात्र थोडी डागडुजी लागेल. स्लोकम गेला. पाहतो तो काय, समुद्रापासून दूर एका शेतात टेकू देऊन ठेवलेले, ताडपत्रीने झाकलेले एक जुनाट गलबत! नाव होते ‘स्प्रे’. कालवे धरायला वापरले जाणारे एका डोलकाठीचे हे गलबत कधी बांधले, हे गावात कुणाला नक्की सांगता येत नव्हते. शंभर वर्षांचे असेल, असे म्हणत. सात वर्षे ते तसेच पडून होते. देणाऱ्याने चेष्टाच केली होती म्हणा ना! गावकऱ्यांना वाटले, आता हा ते मोडून लाकूड विकणार.

स्लोकमने जाहीर केले, मोडणार नाही, नव्याने उभे करणार.

तेरा महिने, ५५३ डॉलर

जवळच उभे असलेले एक ओकचे झाड त्याने कुऱ्हाडीने पाडले आणि नव्या कण्याचे काम सुरू झाले. फासळ्यांसाठी कोवळी लाकडे वाफेवर मऊ करून ओंडक्यावर वाकवली. एकेक जुनी फळी काढायची, तिच्या जागी दीड इंच जाडीची पाइनची नवी फळी बसवायची. फळ्यांच्या फटींत कापूस आणि डांबरी तागाचे धागे ठोकून भरायचे. आपल्याकडे गलबते बांधणारे कारागीर हेच काम करत आले आहेत. त्यांना विचाराल तर ते सांगतील की गलबताची खरी परीक्षा याच फटींत असते. एक फट नीट भरली नाही, तर बाकीची शंभर भरून उपयोग नाही.

पैसे संपले की स्लोकम बंदरातल्या दुसऱ्या जहाजांवर मजुरी करी आणि पुन्हा आपल्या कामाला लागे. येणारेजाणारे एकच प्रश्न विचारत, यातून काही सुटेल का? पण व्हेल पकडणारे जुने कप्तान मात्र येऊन लाकूड ठोकून बघत, सांधे तपासत आणि मान डोलावून जात. अनुभवी माणसाचा हा एक होकार शंभर रिकामटेकड्यांच्या शंकेपेक्षा मोलाचा असतो.

तेरा महिन्यांनी गलबत पाण्यात उतरले. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. सामानाचा एकूण खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. मजुरी स्वतःची. जुन्यातले फारसे काही उरले नव्हते, पण नाव तेच ठेवले.

पहिल्या हंगामात त्याने मासेमारी करून पाहिली. जमली नाही. मग मनाशी ठरवले, आपल्याला येते ते काम म्हणजे गलबत हाकणे, तेच करू. २४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, तो बोस्टनहून निघाला. एकटाच. इंजिन नाही, रेडिओ नाही, आणि विशेष म्हणजे त्याला पोहता येत नव्हते.

फुटक्या तबकडीचे घड्याळ

समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत, हे कळायला बिनचूक वेळ लागते. त्यासाठी त्या काळी क्रोनोमीटर नावाचे महागडे घड्याळ जहाजावर असे. स्लोकमजवळचे क्रोनोमीटर दुरुस्त करायला १५ डॉलर लागणार होते. त्याने ते घरीच ठेवले आणि वाटेत नोव्हा स्कोशियात एक साधे पत्र्याचे घड्याळ घेतले. किंमत दीड डॉलर, पण तबकडी फुटलेली म्हणून दुकानदाराने एका डॉलरला दिले! याच घड्याळावर तो जगभर फिरला. पण म्हणून कुणी असे समजू नये की तो अंदाजपंचे चालला होता. चंद्र आणि ताऱ्यांमधले अंतर मोजून वेळ काढण्याची अवघड रीत त्याला येत होती. स्वस्त हत्यार त्यालाच चालते, ज्याच्या डोक्यात इल्म असतो.

अझोर्स बेटांवर लोकांनी त्याला ताजे आलुबुखारे आणि पांढरे चीज भेट दिले. बिचाऱ्याने ते भरपूर खाल्ले आणि भर वादळात पोटदुखीने केबिनमध्ये तळमळत पडला. गलबत आपल्या वाटेने चालतच राहिले.

‘स्प्रे’ची ही खासियत होती. तिचा कणा लांब आणि सरळ होता, अंग रुंद होते. शिडे तोलून लावली आणि सुकाणू दोरीने बांधून ठेवले, तर ती दिवसेंदिवस आपली दिशा सोडत नसे. एकट्या माणसाला झोपही घ्यावी लागते, स्वयंपाकही करावा लागतो. सरळ चालणारे गलबत नसते, तर ही सफर झालीच नसती.

आधीचा बेत भूमध्य समुद्रातून सुएझमार्गे पूर्वेला जाण्याचा होता. जिब्राल्टरला अनुभवी अधिकाऱ्यांनी सांगितले की त्या वाटेवर लुटारूंचा धोका आहे. स्लोकमने हट्ट केला नाही. तोंड फिरवून तो पुन्हा अटलांटिकमध्ये शिरला आणि पश्चिमेकडून जग फिरायचे ठरवले. तरीही मोरोक्कोच्या किनाऱ्यालगत लुटारूंची एक नाव पाठीमागे लागलीच. वारा वाढत होता. स्लोकमने वेळीच शीड आवरायला घेतले. पाठलाग करणाऱ्यांनी हावेपोटी सगळी शिडे ताणून ठेवली होती. एक मोठी लाट आली. तिच्या तडाख्याने ‘स्प्रे’च्या शिडाचा आडवा वासा मोडला, पण मागे वळून पाहतो तर लुटारूंची डोलकाठीच कोसळली होती. शीड कधी आवरावे, हे ज्याला कळते तो वाचतो.

दक्षिणेचे वादळ

उरुग्वेच्या किनाऱ्यावर ‘स्प्रे’ वाळूत चढली. नांगर दूर नेऊन टाकण्यासाठी स्लोकम छोट्या होडीत बसला, ती उलटली. पाण्यात पडल्यावर त्याला आठवले, आपल्याला पोहता येत नाही! होडी धरून, पुन्हा पुन्हा उलटी-सुलटी करत, अल्लाहने आयुष्य लिहिले होते म्हणून तो किनाऱ्याला लागला.

पुढे दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनची सामुद्रधुनी. डोंगरांवरून अचानक कोसळणारे बर्फाळ वारे आणि अरुंद वाट. त्या भागातल्या आदिवासींवर त्या काळी गोरे वसाहतवाले अतोनात जुलूम करत होते आणि साहजिकच तेही परक्या गलबतांना शत्रू समजत. पुंटा अरेनास बंदरात एका कप्तानाने स्लोकमला टोकदार चुकांची एक पिशवी दिली आणि सांगितले, रात्री झोपण्याआधी डेकवर टोके वर करून पसरून ठेव. स्लोकमने तसे केले. एका मध्यरात्री अनवाणी चढलेली माणसे ओरडत पाण्यात उड्या टाकून पळाली. ना गोळी झाडावी लागली, ना कुणाचा जीव गेला.

सामुद्रधुनी पार करून पॅसिफिकमध्ये आला, तर वादळाने त्याला दक्षिणेला केप हॉर्नच्या दिशेने ढकलले. शिडे फाटली. अंधाऱ्या रात्री तो अशा खडकाळ भागात सापडला, जिथे चहूकडे लाटा फुटून समुद्र पांढराफेक दिसतो. खलाशी त्याला ‘मिल्की वे’ म्हणजे आकाशगंगा म्हणतात. रात्रभर खडक चुकवत तो पहाटे बाहेर पडला आणि मॅगेलनची बरीच वाट त्याला दुसऱ्यांदा चालावी लागली. जवळजवळ सुटल्यावर पुन्हा सुरुवातीला येणे म्हणजे काय असते, ते सब्राची परीक्षा दिलेल्यांनाच ठाऊक. स्लोकमने शिडे शिवली आणि पुन्हा निघाला.

मुस्लिम मलायांच्या बेटावर

पॅसिफिकमध्ये हुआन फर्नांडेझ बेटानंतर सामोआपर्यंत ७२ दिवस त्याने कुठेच मुक्काम केला नाही. पुढे ऑस्ट्रेलिया, तास्मानिया आणि मग हिंदी महासागर. थर्स्डे आयलंडपासून कोकोस-कीलिंग बेटांपर्यंतचे २७०० मैल त्याने २३ दिवसांत कापले. तेवढ्या वेळात तो सुकाणूवर जेमतेम तीन तास बसला असेल. बाकी सगळे काम बांधलेल्या सुकाणूने आणि वाऱ्याने केले.

१७ जुलै १८९७ रोजी तो कीलिंगला पोहोचला. ही बेटे आमच्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहेत. हिंदी महासागराच्या मधोमध नारळाच्या झाडांनी भरलेल्या या प्रवाळ बेटांवर मलाया मजुरांची वस्ती झाली. क्लुनीज-रॉस या स्कॉटिश घराण्याची तिथे जमीनदारी होती. हे मलाया लोक मुस्लिम आहेत. आज ही बेटे ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहेत, आणि तिथल्या होम आयलंडवर त्यांची वंशज कुटुंबे अजूनही आपली भाषा आणि दीन सांभाळून राहतात.

तिथली मुले स्लोकमच्या फार मागे लागत. एकदा तो काळ्या बेरींचा जॅम खात बसला होता. मुलांनी असला पदार्थ कधी पाहिला नव्हता. कप्तान डांबर खातोय, असे ओरडत सगळी धूम पळाली! मग ते गोड आहे असे कळल्यावर तीच मुले बोट चाटत त्याच्याभोवती जमली.

या शांत बेटावरच त्याच्या जिवावर बेतले. एका माणसाबरोबर तो तिथल्याच एका मोडक्या होडीतून जवळच फिरायला निघाला. होडीत ना नांगर होता, ना वल्ही. अचानक वाऱ्याचा झोत आला आणि होडी उघड्या समुद्राकडे वाहू लागली. पुढे आफ्रिकेपर्यंत ३००० मैल पाणी, आणि होडीत प्यायला थेंब नाही. नशिबाने एक काठी हाताशी होती. तिच्या साह्याने दोघे कसेबसे उथळ पाण्यात आले. साऱ्या सफरीतला सर्वांत कठीण प्रसंग त्याने या प्रसंगाला मानले. वाचकहो, हे लक्षात घ्या. हजारो मैल त्याला ज्या गलबताने सुखरूप आणले तेही जुनेच होते, आणि शंभर हातांवर ज्या होडीने त्याला बुडवायची वेळ आणली तीही जुनीच होती. एकीची प्रत्येक फळी त्याने तपासली होती, दुसरीची एकही नाही.

घरी परत

मॉरिशस, दर्बान करत तो केप टाऊनला आला. प्रिटोरियात प्रेसिडेंट क्रुगर यांच्याशी त्याची गाठ घालून दिली गेली. क्रुगर पृथ्वी सपाट आहे असे मानत. हा गृहस्थ जगाभोवती फिरतोय, असे कुणी सांगताच त्यांनी दुरुस्ती केली की जगाभोवती कसा फिरेल, जगात फिरत असेल! सेंट हेलेना बेटावर त्याला कुणी एक बकरी भेट दिली. तिने आधी दोऱ्या कुरतडल्या, मग वेस्ट इंडीजचा नकाशाच खाऊन टाकला. पुढच्या बंदरात बकरीला उतरवून तो नकाशाविना पुढे गेला.

२७ जून १८९८ रोजी ‘स्प्रे’ अमेरिकेत न्यूपोर्ट बंदरात शिरली. तीन वर्षे दोन महिने आणि ४६ हजार मैल. एकट्याने जगाची सागरी प्रदक्षिणा करणारा तो इतिहासातला पहिला माणूस ठरला. मग तो ‘स्प्रे’ला फेअरहेवनला घेऊन गेला आणि जिथून तिला पाण्यात सोडले होते, त्याच खुंटाला त्याने ती बांधली. १९०० साली त्याच्या सफरीचे पुस्तक निघाले आणि आजतागायत ते वाचले जाते.

हकिकत इथे संपवली असती तर गोड झाली असती. पण पुढचेही सांगितले पाहिजे. नंतरच्या वर्षांत स्लोकम थकला आणि ‘स्प्रे’ही. ज्यांनी तिला त्या दिवसांत पाहिले, त्यांना ती पूर्वीसारखी टापटीप दिसली नाही. दोऱ्या झिजलेल्या, देखभाल कमी झालेली. १९०९ च्या सुमारास स्लोकम तिच्यावरून दक्षिणेकडे निघाला आणि पुन्हा कधीच कुणाला दिसला नाही. १९२४ मध्ये कोर्टाने त्याला मृत घोषित केले. वादळ, टक्कर की गळती, ते अल्लाहलाच ठाऊक. पण एकदा केलेली दुरुस्ती आयुष्यभर पुरत नाही, एवढे मात्र कुणीही समजू शकेल.

मुंबईची ‘सुहैली’

स्लोकम मध्येमध्ये बंदरांत थांबला होता. कुठेही न थांबता एकट्याने जग फिरून येण्याचा पहिला मान मिळाला तो आपल्या मुंबईत बांधलेल्या नावेला. इंग्रज मर्चंट नेव्ही अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १९६० च्या दशकात मुंबईत ही ३२ फुटी सागवानी नाव बांधून घेतली. इथल्या सुतारांनी ती जुन्या पद्धतीने, हाताच्या हत्यारांनी घडवली. नाव ठेवले ‘सुहैली’. अरब खलाशी आखातातल्या आग्नेय वाऱ्याला या नावाने ओळखतात, आणि सुहैल हा तर आपल्या पूर्वजांना वाट दाखवणारा दक्षिणेचा तेजस्वी तारा.

१९६८ च्या विनाथांबा शर्यतीआधी नॉक्स-जॉन्स्टनला मोठी नवी नाव हवी होती. त्यासाठी ‘सुहैली’ विकायला काढली. पण ना ती विकली गेली, ना पैसे उभे राहिले. मग म्हणाला, आहे तीच घेऊन जातो. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फाल्मथहून निघाला. थोड्याच दिवसांत तळाच्या फळ्यांतून पाणी येऊ लागले. शार्क असलेल्या समुद्रात त्याने बुडी मारून बाहेरून फटी बुजवल्या, वर तांब्याचा पत्रा ठोकला. पिण्याचे पाणी खराब झाले, तेव्हा पावसाचे पाणी साठवले. निम्म्या वाटेत स्वयंचलित सुकाणू मोडले, तेव्हा स्लोकमसारखीच शिडे तोलून नाव चालवली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तो परतला. नऊ जण निघाले होते, पोहोचला तो एकटाच. बक्षिसाचे ५००० पौंड त्याने शर्यतीत जीव गमावलेल्या एका स्पर्धकाच्या कुटुंबाला देऊन टाकले. हे वाचून कुणाच्याही मनात त्याच्याबद्दल आदर निर्माण होईल.

त्याच शर्यतीच्या आठवणीखातर अलीकडे ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत पुन्हा सुरू झाली. नियम असा की नावेचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा आणि वाट शोधायला जीपीएस नाही, कागदी नकाशे आणि तारेच. २०१८ मध्ये भारतीय नौदलाचे अभिलाष टोमी त्यात उतरले. हिंदी महासागराच्या दक्षिणेत वादळात डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जायबंदी झाला. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. पाठीत धातूच्या सळ्या बसवाव्या लागल्या, पुन्हा चालायला शिकावे लागले. आणि हाच माणूस २०२२ मध्ये ‘बयानात’ नावाच्या ३६ फुटी नावेतून पुन्हा निघाला आणि २३६ दिवसांनी, एप्रिल २०२३ मध्ये दुसरा क्रमांक मिळवून परतला.  

आपल्या घरासाठी

आता थोडे आपल्याबद्दल. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत घरखर्चाचे प्रश्न वाढत चालले आहेत. त्यात एक गोष्ट वारंवार दिसते. जुनी वस्तू घ्यायची लाज वाटते. मुलाला कामावर जायला दुचाकी हवी, जुनी चांगली मिळत असते, पण लोक काय म्हणतील म्हणून व्याजाच्या हप्त्यांवर नवी उचलली जाते. लग्नात फर्निचर नवेच पाहिजे, मग त्यासाठी अब्बांनी कर्ज काढले तरी चालेल. व्याजातून बरकत जाते, हे आपण सारेच जाणतो. आणि हप्ते थकले की वसुलीवाला दारात उभा राहतो, तेव्हा अम्मीच्या बांगड्यांवर वेळ येते, हेही आपण पाहतो. आपल्या प्यारे नबी (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांनी स्वतःच्या हाताने कपड्याला ठिगळ लावले, जोडे शिवले. जुन्याची लाज आपल्याला कुठून शिकायला मिळाली?

मात्र जुने घ्यायचे तर स्लोकमसारखे घ्यावे. जुनी नाव घेणारा जाणकार माणूस तिच्या रंगावर जात नाही. तो तिला पाण्याबाहेर काढायला लावतो, लाकडावर हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकतो, टोकदार सुरीने कुजके लाकूड शोधतो. दोऱ्या, सांधे, खिळे बघतो. किमतीशिवाय दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम राखून ठेवतो. दुचाकी असो, शिलाई मशीन असो की घर, रीत हीच. स्वतःला कळत नसेल तर कळणाऱ्या मिस्त्रीला बरोबर न्यावे. त्याला चार पैसे द्यावे लागले तरी ते वाया जात नाहीत.

विकणाऱ्यासाठीही आपल्या दीनमध्ये कायदा आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले निघाले, तेव्हा नबी (स.) यांनी विकणाऱ्याला जाब विचारला आणि ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे सुनावले. वस्तूतला दोष लपवून विकलेला माल हलाल कमाई देत नाही. जुनी गाडी विकताना तिचा अपघात झाला होता हे सांगा. किंमत कमी येईल, पण झोप चांगली लागेल.

आणि तिसरी गोष्ट, हाताला हुन्नर हवा. स्लोकमला कुऱ्हाड चालवता येत नसती, तर ते गलबत त्याच शेतात कुजले असते. आपल्या मुलांना, आणि मुलींनाही, सुई-दोरा, पाना, स्क्रू-ड्रायव्हर हातात धरायला शिकवा. सुट्टीत महिनाभर एखाद्या मिस्त्रीकडे, शिवणाच्या वर्गात, गॅरेजमध्ये पाठवा. परीक्षेतल्या गुणांबरोबर हेही त्यांच्या उपयोगी पडेल.

उंटाला आधी दावे बांधावे, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशी आपल्याला शिकवण आहे. समुद्रावर जाणाऱ्यांना ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. फटी बुजवून, नांगर तपासून, पाणी भरून घेतल्यावरच ते बिस्मिल्लाह म्हणून दोर सोडतात. ज्या घरांतली माणसे आज समुद्रावर आहेत, त्या सर्वांना अल्लाह सुखरूप किनाऱ्याला लावो. आमीन.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, या सदरात अरबी समुद्राच्या वाटा लिहून ठेवणाऱ्या इब्न माजिद या जुन्या नाविकाची ओळख करून घेऊ. तोवर तुमच्या घरात जुन्या गलबतांच्या, तांडेलांच्या काही आठवणी असतील तर जरूर लिहून पाठवा. दादा-दादींना विचारा. त्या सांगायला ते कधीचे वाट बघत असतील.